नवापूरकडे मोफत ख्रिस्ती व्यसनमुक्ती घर काढू पाहणाऱ्या भावासाठी

जय ख्रिस्त भाऊ. तुमचा प्रश्न नीट वाचला. मला समजलं ते असं, की नवापूर तालुक्यात वडिलांचं जुनं घर आणि दोन एकर शेत आहे, वडील पाळक होते, आजूबाजूच्या पाड्यांवर दारूपायी तरणीताठी पोरं जातायत, म्हणून तिथे दहा-पंधरा जणांसाठी एक पैसा न घेता ख्रिस्ती घर काढायचंय. तर लायसन लागतं का, औषधं लागतात की उपवास-प्रार्थना पुरते, आणि पैसा कुठून आणायचा. मी या कामात जळगाव-धुळ्याकडे बरीच वर्षं आहे, आधी व्यसनमुक्तीचा समुपदेशक (कौन्सिलर) होतो, आता एक छोटं घर चालवतो, म्हणून जरा सविस्तरच लिहितोय, वेळ काढून वाचा.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो, बाकीचं सगळं तिच्यावरच उभं आहे. तुम्ही पेशंटकडून पैसे घेणार नाही हे फार चांगलंय, पण खर्च तर होणारच, आणि घर चालवणाऱ्याच्या नकळत तो खर्च पेशंटकडून दुसऱ्याच रूपात वसूल व्हायला लागतो. कुठे त्याला ट्रस्टीच्या शेतात राबवून घेतात. कुठे देणगीदारांसमोर उभं करून दर महिन्याला साक्ष द्यायला लावतात, आधीचा फोटो-नंतरचा फोटो काढतात, त्याच्या बायकोला रडायला लावून व्हिडिओ करतात. आणि कुठे तर बाप्तिस्मा झाला की तोच आकडा रिपोर्टमध्ये जातो. मी हे जवळून पाहिलंय आणि मला याचा मनापासून त्रास होतो, कारण आलेला माणूस त्या वेळी नाही म्हणूच शकत नाही, त्याच्याकडे जायला दुसरी जागाच नसते. म्हणून घर उघडायच्या आधीच ट्रस्टींना एकत्र बसवून लेखी ठरवा, की इथे राहणाऱ्याकडून पैसा नाही, मजुरी नाही, साक्ष नाही आणि बाप्तिस्मा पण नाही. पुढचं सगळं सोपं होत नाही पण निदान सरळ राहतं.

आता औषधं. हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात धोक्याचा भाग आहे म्हणून यावर जास्त लिहितो. रोज पिणारा माणूस एकदम थांबला की शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, ओकाऱ्या होतात, झोप उडते. फिट यायची असेल तर ती बहुतेक पहिल्या ४८ तासांत येते. आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना डीटी होतो, म्हणजे माणूस भानावर राहत नाही, नाही ते दिसतं, ताप चढतो, नाडी धावते, आणि इलाज झाला नाही तर जीव जातो. दारू सोडताना माणूस मरू शकतो हे आपल्याकडे लोकांना माहीतच नाही, लोकांना वाटतं तलफ आहे, दोन दिवस कोंडला की उतरेल.

डीटी कसा दिसतो ते एकदा डोळ्यासमोर आणा. पारोळ्याकडचा एक शेतमजूर होता, तिसऱ्या रात्री कॉटवर उठून बसला आणि दोन्ही हातांनी हवेतून काहीतरी तोडून पोटाशी धरलेल्या चादरीत टाकायला लागला. पटापट, एका लयीत, मधेच वाकून चादर सावरायचा. कापूस वेचत होता तो. मला म्हणे बाजूला व्हा भाऊ, सरी तुडवू नका. डीटीमध्ये माणूस बरेचदा आपलं रोजचंच काम करत असतो, ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवतो, शिंपी सुई ओवतो. घरच्यांना वाटतं अंगात आलं, नाहीतर बाहेरची बाधा झाली, आणि इथेच प्रार्थना करणारे लोकही चुकतात, त्याला भूत म्हणून बांधून घालतात. त्याला त्या वेळी गरज होती ती हॉस्पिटलच्या बेडची, गोळ्या-इंजेक्शनची, आणि जवळ कुणीतरी शांतपणे बसण्याची. गेला तो हॉस्पिटलला, आणि वाचला.

तर देव बरं करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि फिट आलेल्या माणसाला लगेच गाडीत घालून हॉस्पिटलला नेणं हाही माझ्यासाठी त्याच विश्वासाचा भाग आहे. प्रार्थना तिथे बेडजवळ बसून करा, कुणी अडवत नाही. तुमच्या भागात तर चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल आहे, १९४० च्या दशकापासून त्या आदिवासी पट्ट्यात काम करतंय, आधी तिथल्या डॉक्टरांना जाऊन भेटा. धुळ्याच्या हिरे मेडिकल कॉलेजची मानसोपचार ओपीडी आहे, नंदुरबारला आता सरकारी मेडिकल कॉलेज झालंय. माझा नियम साधा आहे, पहिले सात ते दहा दिवस पेशंट डॉक्टरच्या हवाली, विड्रॉल, म्हणजे दारू थांबल्यावरचा हा त्रास, संपल्यावरच आपल्या घरात. ज्याला आधी कधी सोडताना फिट आलीय किंवा डीटी झालाय त्याला तर थेट ॲडमिटच करायचं, त्यावर चर्चा नाही.

अजून दोन-तीन गोष्टी. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, बरेचदा फार कमी झालेलं असतं. गावातला कुणी डॉक्टर अशक्तपणा दिसला की ग्लुकोजची बाटली लावून मोकळा होतो, पण आधी थायमिन न देता ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते, डोळे फिरतात, तोल जातो, आठवण कायमची जाते. डॉक्टरला हे विचारायची लाज वाटू देऊ नका. दुसरं, मालेगावकडून धुळ्यात येणारी ती कुत्ता गोली, म्हणजे अल्प्राझोलमच्या गोळ्या, खाणारी पोरं तुमच्याकडे येतील, त्यांचंही एकदम बंद करायचं नसतं, त्यातही फिट येते, डोस डॉक्टरनेच हळूहळू उतरवायचा. तिसरं, हातभट्टी पिऊन आलेला कुणी म्हणाला की डोळ्यापुढे पांढरं-धुकट दिसतंय, तर सकाळची वाट बघू नका, ते मिथेनॉल असू शकतं, २०१५ ला मुंबईत मालवणीला त्यानेच शंभरावर माणसं गेली. आणि दारू सोडायची ती गोळी, डायसल्फिराम, बायका जेवणातून गुपचूप देतात, कुठूनतरी आणून. त्यावर तो प्यायला तर बीपी पडून जीवावर बेतू शकतं. त्या बायकांना ओरडू नका, त्या थकलेल्या असतात, पण ती गोळी पेशंटला माहीत असताना आणि डॉक्टरच्या देखरेखीतच द्यायची असते हे त्यांना समजावून सांगा.

लायसनचं उत्तर हो, लागतं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे त्यात दारू आणि ड्रग्जमुळे झालेला मानसिक त्रासही येतो, आणि अशा माणसांना ठेवून घेऊन त्यांची काळजी घेणारी कुठलीही जागा राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदवावी लागते. आम्ही औषध देत नाही, फक्त प्रार्थना करतो, असं म्हणून सुटका नाही, कारण पुनर्वसनाची जागा पण त्याच व्याख्येत बसते. नोंदणी नसेल तर पहिल्या वेळी ५ हजार ते ५० हजार दंड, पुढे तो वाढत जाऊन ५ लाखापर्यंत जातो. आधी प्रोव्हिजनल सर्टिफिकेट मिळतं, बारा महिन्यांचं, मग तपासणी वगैरे होऊन पक्कं.

पण मला हा कायदा दंडापेक्षा दुसऱ्याच कारणाने आवडतो, तो पूर्ण वाचा एकदा. साखळीने बांधायचं नाही, एकट्याला कोंडून ठेवायचं नाही, जबरदस्तीने टक्कल करायचं नाही, सक्तीने काम करून घ्यायचं नाही, आणि काम केलं तर मोबदला द्यायचा, हे सगळं त्यात लिहिलंय. आपल्याकडच्या कितीतरी सेंटरमध्ये काय चालतं ते बघितलेल्या माणसानेच लिहिल्यासारखं वाटतं. आपलं ताट धुणं, खोली झाडणं, बागेला पाणी घालणं हे घरातलं काम झालं, त्याला हरकत नाही, पण तुमच्या दोन एकरातला भात कापायला पेशंट लावू नका, लावायचेच असतील तर त्याची मर्जी विचारा आणि बाहेर जी मजुरी चालू आहे ती रोख द्या. नातेवाईक फोन करून म्हणतील गाडी पाठवा, चार पोरं पाठवा, रात्री झोपेतून उचलून न्या. अजिबात जायचं नाही. स्वतःहून आलेला माणूस स्वतःहून जाऊ पण शकतो, कायद्यात फार तर २४ तास थांबवून तपासण्याची सोय आहे आणि ती पण मानसिक आरोग्य तज्ज्ञाच्या हातात, वॉर्डनच्या नाही. आणि भूत काढायच्या नावाखाली बांधणं-मारणं हा तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणा विरोधी कायद्याने सरळ गुन्हा आहे, मग करणारा भगत असो की पास्टर.

जागेचं बोलतो, कारण तुमच्या तालुक्यात इथेच गाडी अडते. जमीन आदिवासी खातेदाराच्या नावावरची असेल तर ती ट्रस्टच्या नावे करणं, बक्षीस देणं, अगदी लीजवर देणं सुद्धा कलेक्टरच्या परवानगीशिवाय होत नाही, महसूल कायद्याचं कलम ३६ आणि ३६-अ बघा, ट्रस्ट म्हणजे आदिवासी व्यक्ती नाही. घाईत साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊ नका. घराचं म्हणाल तर आधी एक काम करा, मागच्या पडवीत फवारणीची औषधं ठेवलेली असतील ती सगळी तिथून कायमची हलवा, शेजाऱ्याकडे सुद्धा ठेवू नका. पहिल्या पंधरा दिवसांत माणसाला आपण काय केलं ते आठवायला लागतं आणि त्यातले काही जिवाला कंटाळतात, आपल्या कापूसपट्ट्यात हातासरशी विषाची बाटली असते. रात्री जागा राहणारा वॉर्डन असलाच पाहिजे, झोपणारा नको.

बायकांना आणि अठरा वर्षांखालच्या पोरांना या घरात घेऊ नका. दोघांनाही गरज आहे, पण त्यांची सोय, नोंदणी, स्टाफ सगळं वेगळं लागतं.

पैसा. आजच्या भावाने हिशोब करून बघा, १५ माणसं, माणशी रोज १४० रुपये चहा-नाश्ता-दोन वेळचं जेवण-गॅस धरून, म्हणजे रोजचे २१०० आणि महिन्याचे ६३ हजार. दोन वॉर्डन, स्वयंपाकाच्या ताई, कौन्सिलर, अर्धवेळ नर्स आणि आठवड्याला येणारे डॉक्टर मिळून ७५ हजार धरा, लाइटबिल-औषधं-गाडीचं पेट्रोल २५ हजार. झाले १ लाख ६३ हजार. सहा महिन्यांचे जवळपास दहा लाख हातात असल्याशिवाय पंधरा खाटा मांडू नका. मी तर म्हणतो पाच खाटांनी सुरू करा, पाच माणसं नीट बघितली तर सहावा आपोआप येतो. देव पुरवतो, पण तिसऱ्या महिन्यात वॉर्डनचा पगार थकला की तो निघून जातो आणि रात्रपाळीला कालचाच पेशंट उभा राहतो, आणि तिथूनच मारहाण सुरू होते. हे कारण आणि परिणाम मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलेत.

धान्य आपल्या भागात मिळतं, त्याची काळजी नको. कापणीच्या सणाला चर्चमध्ये जो लिलाव होतो त्यातला एक वाटा मागा, तुमच्याकडचा तांदूळ आणि तूरडाळ, चोपड्या-अमळनेरकडची दादर ज्वारी, रावेर-यावलची केळी, लोक द्यायला तयार असतात, फक्त प्रत्येक पोत्याची पावती फाडा. ट्रस्टची नोंदणी धुळ्याला किंवा जवळच्या सहायक धर्मादाय आयुक्ताकडे, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली, मग आयकर खात्याकडे संस्थेच्या करमाफीची आणि देणगीदाराच्या सवलतीची नोंदणी, जिला लोक १२-ए आणि ८०-जी म्हणतात. दोन हजारावरच्या रोख देणगीला ८०-जी ची सूट नाही हे देणगीदाराला आधीच सांगा. आणि परदेशी नागरिकाकडून, कितीही ओळखीचा पास्टर असो, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्याच्या सरकारी नोंदणीशिवाय एक रुपया घेऊ नका, नव्या संस्थेला ते मिळायला साधारण तीन वर्षांचं काम आणि १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. म्हणजे पहिली तीन वर्षं इथलीच माणसं, इथलाच पैसा, आणि मला ते बरंच वाटतं. सरकारी अनुदानाची केंद्रं पण असतात, तिथेही इलाज मोफत असतो, तुमची यादी भरली की पेशंटला तिकडे पाठवा, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्याची टेली मानस १४४१६, दोन्ही नंबर दारावर मोठ्या अक्षरात लावा.

काही जण तुम्हाला सांगतील की थोडी तरी फी घ्या, फुकटच्या गोष्टीची किंमत राहत नाही. मला हे पटत नाही. आमच्याकडे एक म्हातारी आई पोराला घेऊन आली, हातात औषधांच्या रिकाम्या पाकिटांनी भरलेली कॅरीबॅग, आणि आल्या आल्या कमरेची पिशवी सोडून सोनाराची पावती पुढे केली, आधीच्या सेंटरच्या फीसाठी पोत गहाण टाकलेली. "मना पोऱ्याले वाचाडा भाऊ." त्या घराने किंमत मोजून झालेली असते. त्याऐवजी घरच्यांकडून वेळ मागा, दर रविवारी दुपारी घरातलं कुणीतरी येऊन फॅमिली मीटिंगला बसलंच पाहिजे. ऊसतोडीला बारडोलीकडे गेले असतील तर फोनवर. बायकोला या आजाराची माहिती झाली नाही तर माणूस बरा होऊन त्याच भांडणात परत जातो.

आता ख्रिस्ती घर म्हणजे काय. माझं मत स्पष्ट आहे, लपवू नका. बोर्डावर लिहा, फॉर्मवर लिहा, की इथे सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होते, ज्याला बसायचंय तो बसेल, ज्याला नाही तो त्या वेळात बागेत बसेल, जेवणात-औषधात-वागणुकीत तसूभर फरक होणार नाही. आणि तो फरक खरंच होऊ देऊ नका, कारण प्रार्थनेला येणाऱ्याला वॉर्डन नकळत जास्त भाजी वाढतो, मी ताटांकडे बघत असतो. घरात राहत असताना कुणी बाप्तिस्मा मागितला तर सांगायचं, घरी जा, सहा महिने शुद्धीत राहा, बायको-आईबापाशी बोल, मग तुझ्या गावच्या पाळकाकडे जा. बायबलमधल्या गोष्टीत रस्त्यात जखमी पडलेल्याला ज्या शोमरोन्याने, म्हणजे परक्या समाजातल्या माणसाने, आपल्या जनावरावर घालून खाणावळीत नेलं त्याने खाणावळवाल्याला पैसे दिले आणि पुढे निघून गेला, जखमीकडून काही कबूल करून घेतलं नाही. तुमच्या भागात धर्मांतराच्या संशयावरून वातावरण तापतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ग्रामसभेत स्वतः जा, पोलीस पाटलाला, सरपंचाला घर आतून दाखवा, कधीही या म्हणून सांगा. पण हे सगळं मी भीतीपोटी सांगत नाहीये, थरथरत्या माणसाकडून घेतलेला होकार प्रभूला नको असतो असं मला वाटतं.

दिवसाचं वेळापत्रक काही अवघड नाही, व्यायाम, शेअरिंग, कौन्सिलिंग, एए, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्यांवर चर्चा, दुपारची झोप. एए १९३५ ला अमेरिकेत सुरू झालं, त्याच्या मुळाशी ख्रिस्ती मंडळींचंच काम होतं तरी त्यांनी ते कुठल्याही धर्माशी जोडलं नाही, म्हणून ते आपल्याकडे सगळ्यांना चालतं. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला एकदा जाऊन राहा, १९८६ पासूनचं काम आहे, ते ख्रिस्ती नाहीत पण माणसाला माणूस म्हणून कसं वागवायचं ते तिथे शिकायला मिळतं. मे महिन्यात मात्र वेळापत्रक बदला, आपल्याकडे ४५ च्या पुढे पारा जातो, लिव्हर खराब झालेल्या माणसाला ते ऊन झेपत नाही.

खरी परीक्षा घरी गेल्यावर आहे. मार्च-एप्रिलला मोहाची फुलं गळायला लागली की पाड्यावर घरोघरी भट्टी लागते, त्याच्या आगेमागे होळी, भोंगऱ्या बाजार, मग लग्नं. त्या दिवसांत तुमचे सगळे जुने पेशंट फोनवर पाहिजेत, शक्य असेल तर होळीचे चार दिवस त्यांना परत आपल्या या व्यसनमुक्ती घरात बोलवा, राहू द्या. वरून तुम्ही नवापूरला, पलीकडे गुजरातची दारूबंदी, त्यामुळे बॉर्डरच्या अलीकडे दुकानं आणि धंदा दोन्ही जोरात, पोरांना माल पोचवण्याचं काम पण मिळतं. जो दारूच्या धंद्यात होता त्याला दुसरं काम शोधून दिल्याशिवाय सोडू नका. देवाला मोहाची धार द्यावीच लागते अशी रीत असलेल्या घरातला माणूस असेल तर रितीला नावं ठेवू नका, घरातल्या जाणत्या माणसाला बसवून बोला. एका कारभाऱ्याने आमच्या समोरच मिटवलं होतं, धार देवाला सोडेल, घशात नाही जाणार. आणि आपल्या चर्चमध्ये सुद्धा बघा, प्रभुभोजनाच्या विधीला वाइन नसून साधा द्राक्षरस आहे ना ते पाळकांना विचारून खात्री करा.

म्हणून माझं म्हणणं, खाटा नंतर घ्या. आत्ता चर्चच्या हॉलमध्ये नाहीतर शाळेच्या वर्गात रविवारी दुपारी मीटिंग सुरू करा, पिणारे पण येऊ देत, त्यांच्या बायका पण. चिंचपाड्याला जाऊन डॉक्टरांना विचारा की विड्रॉलचे पेशंट घ्याल का, त्यांचं उत्तर काय येतं त्यावर बाकीचं ठरेल. ज्या पाड्यांवरून माणसं येतील तिथे फॉलोअपला जाणारा एकेक भरवशाचा माणूस हेरून ठेवा, शिक्षक असेल, आशाताई असेल, जुना पिणारा असेल तर उत्तमच. ट्रस्ट डीड करताना उद्देशांमध्ये व्यसनमुक्ती आणि पुनर्वसन हे शब्द स्पष्ट घाला, नुसतं धार्मिक आणि सामाजिक कार्य असं लिहिलं तर पुढे नोंदणीला आणि देणगीला त्रास होतो. आणि सातबारा सध्या कोणाच्या नावावर आहे, वडिलांनंतर वारस लागलेत का, ते आधी कळवा, त्यावरून जागेचं काय करता येईल ते सांगतो.